भागूबाईची पिवळी पट्टी

आमचे हे भित्रे आहेत. बायको म्हणून टोमणा मारत नाहीये, साऱ्या धक्क्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगतेय. तळ्याकाठच्या बोटींच्या धक्क्यावर ह्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, 'भागूबाई' म्हणतात. वायरमन असून करंटला घाबरतो म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? ह्यांना त्याचं काही वाटतही नाही. "ए भागूबाई!" अशी हाक आली की शहाण्यासारखे "ओ" देतात. राग यायचा तो मलाच.

पण एक दिवस हे भ्यायचं विसरले, आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पाण्यात होत्या. ती गोष्ट सांगायचीय. त्या दुपारी मी सगळ्यांसमोर काय ओरडले तेही सांगायचंय, कारण लोक ते आपापल्या परीनं सांगतात आणि निम्मंच सांगतात.

ह्यांचं भिणं कसं, ते आधी ऐका. काम करताना डावा हात खिशात. दोन हात लावले तर करंट छातीतून जातो म्हणे, म्हणून एकच हात. कुठल्याही धातूच्या वस्तूला पहिला स्पर्श उलट्या हातानं, म्हणजे पंजाच्या मागच्या बाजूनं. करंट असेल तर मूठ आवळते. पंजानं धरलेलं सुटत नाही, उलटा हात मात्र झटकला जातो. घरातसुद्धा तेच. फ्रिज, इस्त्री, शेजारणीचं लोखंडी फाटक, सगळ्याला आधी उलटा हात. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा माझ्या हाताला हात लावला तोही उलटाच! मी म्हटलं, "करंट आहे का बघताय?" तर लाजले आणि म्हणाले, "सवय आहे हो."

ज्या मिस्त्रीच्या हाताखाली हे शिकले तो म्हणायचा, "भ्यालास तर म्हातारा होशील." तो स्वतः म्हातारा झाला नाही. एका दुपारी जेवायची घाई होती, तेवढंच निमित्त. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे, शिडीच्या पायथ्याशी उभे होते. त्याबद्दल ह्यांनी मला दोनदाच सांगितलंय, आणि दोन्ही वेळा सांगून झाल्यावर उठून घरातले सगळे स्विच बघून आले.

आणि ती पिवळी पट्टी. कायमच्या जोडाला काळी पट्टी, तात्पुरत्या जोडाला पिवळी, हा ह्यांचा नियम. परत आलं की पिवळं डोळ्यात भरावं आणि ते काढून पक्कं काम करावं, असा हिशेब. हिशेब कागदावर छान! आमच्या घरात चष्म्याची काडी पिवळी, किटलीचा दांडा पिवळा, न्हाणीघराची कडी पिवळी. काडीचं 'तात्पुरतं' सहा वर्षं चाललंय. मी म्हणायचे, "माझ्याही कपाळाला एकदा पट्टी लावा, म्हणजे मला कळेल मी कायमची की तात्पुरती."

मी शिडं शिवते. बोटीची शिडं फाटतात, उसवतात, उन्हानं विरतात, ती माझ्याकडे येतात. घर दोन खोल्यांचं आणि शीड खोलीपेक्षा मोठं. मशीन दारापाशी, अर्धं शीड पलंगावर, उरलेलं स्वयंपाकघरात, आणि पांढऱ्या कापडावरून चालायचं नाही हा माझा एकमेव कायदा. वन्सं दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या तेव्हापासून तो कायदा रोज मोडतो. उभं आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत 'नंबर सांगा' म्हणण्यात गेलेली बाई, तिला कुणी काही सांगायची सवय कुठली! गुडघे गेलेले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तर ह्या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकल्या आणि रोज साडेतीनच्या ठोक्याला धक्क्यालगत, बोटींच्या रांगेपासून हातभर अंतरावर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कमरेला दोरीनं बांधलेली हवेची पिशवी, बोटवाल्यांना दिसावं म्हणून.

आता, आई लवकर गेली तेव्हा ह्यांना वाढवलं ते वन्संनी. ते मी कधी विसरले नाही आणि त्यांनी कधी विसरू दिलं नाही. आमचं भांडण म्हणजे रोजचंच, पण त्या आठवड्यात कडेलोट झाला. एका गिऱ्हाइकाचं वादळात लावायचं शीड आलं होतं, भडक नारिंगी. वन्संनी त्याचा कोपरा कापला आणि त्या हवेच्या पिशवीला खोळ शिवली! का, तर म्हणे लांबून दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या शिडाला कात्री! माझं डोकंच फिरलं. चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी दुपारी तीनला त्या निघाल्या, पिशवी काखेत, आणि दारातून शिडावर पाय देऊनच गेल्या. माझ्या तोंडून गेलं, "जा, आणि बुडा तिकडेच!"

शेजारीण दारात उभी होती. तिनं ऐकलं. वन्संनीही ऐकलं, पण मागं वळून पाहिलं नाही.

त्याच दिवशी हे 'म्हातारी'वर काम करत होते. म्हातारी म्हणजे धक्क्यावरची चाळीस वर्षांची जुनी शिडाची बोट. तिचा मालक कप्तान. कप्तान कसला, दातांचा डॉक्टर! पण टोपी घालतो, म्हणून कप्तान. धक्क्यावर दर दोन बोटींमागे विजेचा एक खांब असतो. त्या खांबातून जाड केबल बोटीत जाते, आणि बोट उभी असताना पंखा, फ्रिज, गीझर, बॅटरीचं चार्जिंग, सगळं त्या केबलवर चालतं. म्हातारीचं सगळंच जुनं. केबल आत शिरते तिथलं सॉकेट जळून काळं झालेलं, केबल दोन जागी सोललेली, आणि आत मेन स्विच म्हणून काही नाहीच. हे वर्षभर कप्तानच्या मागं लागले होते. शेवटी तो तयार झाला, पण दोन टप्प्यांत. आधी बाहेरचं: नवं सॉकेट, नवी केबल, मेन स्विच, इंजिनाला जोडलेली अर्थिंगची नवी तार, आणि गळती पकडणारा एक ब्रेकर. आतल्या जुन्या वायरी पुढच्या खेपेला.

त्या ब्रेकरचं ह्यांना फार कौतुक. मला तीनदा समजावलं होतं. जेवढा करंट आत गेला तेवढाच परत आला पाहिजे. वाटेत जरासा जरी दुसरीकडे पळाला, तरी हा खट्कन बंद पडतो. "तळ्याचं पाणी गोडं," हे म्हणायचे. "गोड्या पाण्यात करंट सुटला की त्याला पाण्यापेक्षा माणसाचं अंग सोपं पडतं. झटका दिसत नाही, आवाज येत नाही. हातपाय गळतात आणि माणूस बुडतो. बघणाऱ्याला वाटतं, पोहता येत नव्हतं."

त्या दिवशी हे जेवायला आले ते सव्वातीनला. तोंड उतरलेलं. शीड बाजूला सारून मी ताट वाढलं.

"काय झालं?"

"ब्रेकर टिकत नाही. गीझर लावला की खट्ट. गीझर तपासला, चांगला आहे. केबल तपासली, चांगली आहे. सकाळपासून काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय, पण कळसा काही सापडत नाही. ब्रेकरच खराब निघाला असणार."

"मग?"

"कप्तानचे शाळेतले मित्र यायचेत संध्याकाळी. त्याला गरम पाणी पाहिजे, थंड फ्रिज पाहिजे. म्हणाला, भागूबाई, ब्रेकर काढ आणि थेट दे, का बांगड्या आणून देऊ? वॉचमन हसला. बोटींचे पॉलिशवाले दोघंही हसले." हे ताटाकडे बघत होते. "मग दिलं थेट. ब्रेकर वगळून. पिवळी पट्टी लावलीय. तात्पुरतं. पाच वाजता दुकानातून दुसरा आणून बसवतो."

खरं सांगते, मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं ती हाक ऐकून माझे कान किटले होते. मी म्हटलं, "बरं केलंत. एकदाचे जरा हिमतीनं वागलात."

ते वाक्य मला अजून चावतं.

हे खाली मान घालून जेवायला लागले. वातावरण हलकं करावं म्हणून मी माझं सांगायला घेतलं. सकाळपासून मी एक जुनं शीड उसवत होते. कुणीतरी बुद्दूनं त्याचा कोपरा असा काही शिवला होता की कापडाला ताण उलटा बसावा आणि ते तिथंच फाटावं. "तासभर शिव्या घातल्या हो मी त्या शिंप्याला! म्हटलं, कुठल्या मेल्यानं शिवलंय हे! आणि शेवटी गाठ बघते तर काय, टाका माझाच! मी नवी होते ना तेव्हा, पडदे शिवायचे ते तसंच शीड शिवलं. घरच्या पडद्यासारखं!"

मी हसले. हे हसले नाहीत. घास हातातच राहिला.

"घरच्यासारखं," हे म्हणाले.

"अहो, काय झालं?"

"म्हातारीच्या गीझरमागे एक डबी आहे. अठरा वर्षांपूर्वी मीच बसवलेली. धक्क्यावरचं माझं पहिलं काम." आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढं वाकावं लागलं. "त्या डबीत काळी आणि हिरवी तार मी एकत्र पिळलीय. न्यूट्रल आणि अर्थिंग. घराच्या मेन बोर्डात आमचा मिस्त्री तसंच करायचा. घरात तेच बरोबर असतं. मी तेव्हा घरांचाच वायरमन होतो."

"मग आता काय?"

"बोटीत तसं करायचं नसतं. बोटीत ते दोन्ही कधीच भेटता कामा नयेत. भेटले की परत जाणारा करंट अर्थिंगमध्ये शिरतो. इतकी वर्षं त्या अर्थिंगला पुढं वाट नव्हती, तुटकंच होतं सगळं. आता वाट आहे. काल मी स्वतः ते इंजिनाला बांधलं. इंजिनाचा दांडा पाण्यात आहे." घास ताटात पडला. "ब्रेकर खराब नाही गं. तो सकाळपासून खरं सांगत होता. मी त्याचंच तोंड बंद केलं."

मग ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन पस्तीस.

"ताई कुठाय?"

साडेतीन वाजून गेले होते; वन्सं पाण्यात होत्या.

ह्यांनी वॉचमनला फोन लावला, उचलेना. कप्तानला लावला, तो मित्रांना आणायला गेलेला, नुसती रिंग. वन्संचा फोन कपड्यांच्या पिशवीत, धक्क्यावरच्या बाकाखाली; तो लावूनही उपयोग नव्हता, तरी लावला. तोवर आम्ही दोघं रस्त्यावर होतो, हे खरकट्या हातानं, मी अनवाणी. जाताना मी शिडावरून धावले. माझ्याच कायद्यावरून.

घरापासून धक्का म्हणजे एक उतार, मग एक वळण, मग दगडी पायऱ्या. रोजचा दहा मिनिटांचा रस्ता. धावता धावता हे तुटक तुटक बोलत होते. "कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही. जो उतरेल तो जाईल. आधी खटका. मग पाणी. आधी खटका." मी नुसतं "हो, हो" म्हणत होते. डोक्यात दुसरंच चाललेलं. जा, आणि बुडा तिकडेच. मीच बोलले होते. पाऊण तासही झाला नव्हता.

पायऱ्यांच्या तोंडाशी ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. धप्पकन आवाज आला, मी वळले. हे चार पायऱ्या घरंगळून पडलेले, गुडघा धरून. उठायला गेले, उठवेना. मी मागं आले तर अंगावर ओरडले, "माझ्याकडे कशाला येतेस! जा! तिसरा खांब! खटका खाली!"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले.

पायऱ्या संपल्या आणि तळं दिसलं. कडक ऊन, पाणी तव्यासारखं सपाट, बोटींची रांग. आणि रांगेच्या मध्यावर नारिंगी ठिपका. बस्स, तेवढाच. तो नसता तर मला काही दिसलंच नसतं. वन्संचं डोकं पिशवीला टेकलेलं, तोंड आभाळाकडे, हात पसरलेले. कुणी निवांत तरंगत पडावं तशा दिसत होत्या. पण त्या कधी निवांत तरंगत नाहीत. त्या पाण्याशी भांडत पोहतात. आणि त्या म्हातारीच्या अगदी बाजूला होत्या.

वॉचमनला आत्ता कुठं शंका आली असावी. धक्क्याच्या कडेला उभा राहून तो "ओ बाई! ओ बाई!" हाका मारत होता. उत्तर येईना. त्यानं बूट काढले, टोपी काढली, फोन टोपीत ठेवला आणि पाय उचलला.

"उडी मारू नकोस!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिला वाचवायला कुणी उडी मारायची नाही! कुणी उतरलं तर याद राखा!"

तो जागच्या जागी थिजला. पॉलिशवाले दोघं ब्रश घेऊन धावत आले होते, तेही थांबले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. चार दिवसांचं भांडण साऱ्या धक्क्याला ठाऊक. नणंद बुडतेय आणि भावजय सांगतेय, कुणी उतरू नका. दुसरं काय वाटणार माणसाला? त्यातला एक तर म्हणालाही, "अहो, माणूस मरतंय तिथं!"

मला समजावून सांगायला वेळ नव्हता. तिसरा खांब. लोखंडी, गंजलेला, कमरेइतका. मी हात पुढं केला आणि हात आपोआप उलटा झाला. देवाशपथ, मी ठरवलं नव्हतं. सव्वीस वर्षं टोमणे मारत जे पाहिलं ते हातात उतरलं होतं. उलटा हात खांबाला टेकवला. बोटं झिणझिणली आणि हात मागं उडाला. खांबसुद्धा जिवंत होता. बाजूला प्लॅस्टिकची बादली होती; तिच्या कडेनं मी खटका खाली दाबला. तो घट्ट. दुसऱ्यांदा दाबला, सगळं अंग घालून. खट्ट. म्हातारीवरचा पंखा हळूहळू थांबला. तो थांबेपर्यंत मी बघत राहिले, कारण खटका खोटं बोलू शकतो, पंखा नाही, हेही ह्यांचंच वाक्य.

"आता मार उडी!"

वॉचमन माझ्याकडे बघतच राहिला.

"अरे बघतोस काय मेल्या, आता मार!"

मारली एकदाची. पॉलिशवाल्यांनी वरून दोरी टाकली. वन्संना फळ्यांवर घेतलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते आणि बोटं वाकडी होऊन आखडलेली. मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. काही नाही. परत मारल्या. मी काय काय बडबडत होते देव जाणे, वॉचमन नंतर सांगत होता, मी म्हणत होते, "सगळं शीड कापा, सगळं कापा, पण उठा." मग त्यांच्या तोंडातून पाणी आलं, मागून खोकला आला, आणि खोकल्यामागून अशी एक घरघर, की तिच्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

तोवर हे पोचले, धक्क्याच्या फळ्यांवरून अक्षरशः खुरडत. बहिणीकडे पाहिलं, ती श्वास घेतेय हे पाहिलं. मग खांबापाशी गेले, केबलचा प्लग पिळून उपसला आणि तो छातीशी धरून तिथंच बसले. रडले नाहीत. नुसतं म्हणत होते, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुऱ्हाडीचा दांडा."

दवाखान्यात वन्संना दोन दिवस ठेवलं, हृदयावर लक्ष ठेवायला. पहिल्या संध्याकाळी मी उशाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"तुझा आवाज ऐकला मी पाण्यात," त्या म्हणाल्या. "आधी पायांना मुंग्या आल्या. मग पाय गेले. मग हात. सगळं कळत होतं, पण बोट हलेना, तोंड उघडेना. आणि ऐकू काय आलं, तर 'तिला वाचवायला कुणी उडी मारायची नाही.' म्हटलं, बरोबर आहे. दुपारी बोलली, ते खरं करतेय."

आणि हसल्या. त्यांना हसू येत होतं! मी मात्र तिथंच पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून रडले. गुन्हेगारासारखी रडले. त्यांनी आखडलेल्या बोटांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "गप. बाजूची पेशंट बघतेय."

आता ह्यांचं. दुसऱ्या दिवशी कप्तान आमच्या घरी आला, टोपी हातात घेऊन. तो आपणहून म्हणाला, "ब्रेकरच खराब होता, नाही का? आणि तो खांब. धक्का चालवणाऱ्या क्लबनं खांब उघडून पाहिला, आतला न्यूट्रल सैल होता, अर्थिंगची तार गंजून तुटलेली. तुझा काय दोष?" पळवाट उघडी होती, दोन्ही दारं सताड. गीझरमागच्या त्या डबीबद्दल जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, हो म्हणा. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं ह्यांनी हो म्हणावं.

हे म्हणाले, "खांब खराब होता. पण करंट पाण्यात सोडला माझ्या जोडानं. आणि ब्रेकर काढला माझ्या हातानं. चला, दाखवतो."

लंगडत गेले. क्लबचे दोघं, कप्तान, वॉचमन, सगळ्यांना म्हातारीत उतरवलं. गीझर ओढून काढला. मागे बोटभर धुळीत ती डबी. झाकण काढलं. आत काळी आणि हिरवी, सात वेढे देऊन पिळलेली, आणि त्यावर पट्टी. रंग उडून पांढुरकी झालेली, पण पिवळी.

म्हणजे अठरा वर्षांपूर्वीही ह्यांच्या मनात पाल चुकचुकली होती! घरची रीत बोटीला चालते की नाही, कुणाला तरी विचारू, तोवर तात्पुरतं. आणि विचारायचं राहिलं.

ह्यांनी जोड कापला, दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी झाकली. क्लबनं ह्यांना तीन महिने काम बंद ठेवायला सांगितलं, ह्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "बंद तर बंद. पण मी हात लावलेल्या अकरा बोटी आहेत. त्या तेवढ्या उघडून बघू द्या. मजुरी नको." वॉचमनला समोर उभं करून अकरा बोटी उघडल्या. आणखी एका बोटीत तसाच जोड निघाला. त्या रात्री हे जेवले नाहीत.

म्हातारीतून बाहेर पडताना कप्तान खजील होऊन म्हणाला होता, "मी पुन्हा तुला ते नाव ठेवणार नाही." हे म्हणाले, "ठेवा हो. नावात चूक नव्हती. त्या दिवशी मी नावाला जागलो नाही."

घरी येऊन ह्यांनी चष्म्याची काडी बदलली. किटलीला नवा दांडा बसवला. कडी बदलली. पिवळ्या पट्टीचं उरलेलं रीळ माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाले, "मी मागितलं तरी देऊ नकोस."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. त्यानंतर आमच्या घरात तीन माणसं आणि तीन ब्रह्मराक्षस. मी पाण्याचा ग्लास भरतानासुद्धा नळाला उलटा हात लावते. वन्संना अंघोळीची बादली नकोशी झाली. तांब्या हातात घेऊन बसून राहायच्या. आणि गुडघे परत धरले. जिना चढताना दर पायरीला "आई गं". डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. त्या म्हणाल्या, "बघू." बघू म्हणणाऱ्या वन्सं मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि ते मला त्यांच्या शिडावरून चालण्यापेक्षा जड गेलं.

पाच आठवड्यांनी एका दुपारी तीन वाजता त्या पिशवी काखेत घेऊन दारात उभ्या राहिल्या. नारिंगी खोळीची. शिडाच्या कडेकडेनं, भिंतीला धरून आल्या होत्या. मी मशीन थांबवली. हे उठले. तिघं निघालो.

धक्क्यावर ह्यांनी त्या रांगेतले सगळे खांब बंद केले. मग सगळ्या बोटींचे प्लग उपसून फळ्यांवर ठेवले. क्लबची परवानगी घेतली होती, बोटवाले कुरकुरले, तरी उपसले. शेवटचा म्हातारीचा. तो घेऊन हे कडेला बसले.

वन्सं शिडीवर उभ्या होत्या, पाण्यापासून एक पायरी वर. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बोल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी म्हणाली होतीस ना काहीतरी. आज काय म्हणतेस?"

मी वाकून त्यांच्या कमरेच्या दोरीची गाठ पुन्हा आवळली.

"लवकर या," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग हात खाली नेला आणि पाण्याला आधी उलटा लावला, आणि मग उतरल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर डावा हात खिशात ठेवणारा हा माणूस तो प्लग दोन्ही हातांनी धरून बसला होता. वन्सं तिसरी फेरी मारून आल्या, शिडी चढल्या, अंग पुसलं, कपडे बदलले. तरी ह्यांनी तो सोडला नव्हता.